पाहुण्यांचा खिळा

माझ्या सासऱ्यांना त्यांच्या कामावर ‘उणे अठरा’ म्हणत. तोंडावर नाही, तोंडावर ‘मुकादम’ म्हणत. कोल्ड स्टोरेजच्या सर्वात आतल्या कोठीचं तापमान उणे अठरा असायचं आणि सासऱ्यांच्या चेहऱ्याचंही साधारण तेवढंच. मी लग्नाचं विचारायला गेलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, नोकरी विचारली आणि ‘बरं’ म्हणाले. मी घरी येऊन आईला सांगितलं की जमलं नाही. ते ‘बरं’ म्हणजे होकार होता हे मला पुढच्या आठवड्यात कळलं, तेही त्यांच्या मुलीकडून.

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारींच्या टेबलावर बसतो. कुठे लिफ्ट अडकली की आतला माणूस बटण दाबतो आणि फोन माझ्याकडे लागतो. ‘घाबरू नका, माणूस निघालाय,’ हे वाक्य मी दिवसभर म्हणत असतो. सासऱ्यांना माझ्यातलं पसंत पडलं ते एवढंच. पगार किती, घर स्वतःचं की भाड्याचं, काही विचारलं नाही. ‘म्हणजे तुमचंही दाराचंच काम,’ म्हणाले आणि चहा मागवला.

त्यांचं गाव उन्हाचं. दुपारी रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटायचं. अशा गावात या माणसाने उभं आयुष्य गोठलेले मटार, मासळी आणि लोण्याच्या खोक्यांमध्ये काढलं. बाहेर लोक बनियनवर बसलेले असायचे आणि हे नारिंगी रंगाचा जाड कोट, कानटोपी, गुडघ्यापर्यंतचे बूट घालून कोठीच्या दारात उभे असायचे. त्यांचं काम दार सांभाळण्याचं. कोण आत गेलं, कोण बाहेर आलं, दार नीट बसलं की नाही. निवृत्त झाल्यावरही ते घरात कुठलंही दार उघडं दिसलं की उठून लावायचे. सासूबाई ते पुन्हा उघडायच्या. त्यांचा संसार बराचसा असाच झाला.

मग माझी बदली इकडे झाली. इकडे म्हणजे जिथे बर्फ पडतो तिथे. आम्ही दोघं आलो, थोडे कुडकुडलो, शिकलो. त्यानंतरच्या उन्हाळ्यात सासूबाई गेल्या. आजारी पडल्या आणि गेल्या, फार वेळ लावला नाही. तेरा दिवस संपले, पाहुणे पांगले, आणि सासरे त्या घरात एकटे राहिले. दार उघडणारं आता कोणी नव्हतं.

बायकोने इकडे या म्हणून धोशा लावला. बरेच दिवस त्यांनी दाद दिली नाही. शेवटी एका रविवारी फोनवर म्हणाले, ‘एक हिवाळा बघतो. लेकीकडे पाहुण्यासारखं यावं. आणि पाहुण्याने केव्हा निघणार ते आधीच सांगून यावं. हिवाळा संपला की मी निघणार.’

फोन ठेवल्यावर बायको माझ्यासमोर येऊन बसली. ‘मला ते कायमचे इथे हवेत,’ ती म्हणाली. ‘तिथे एकटे राहिले तर माझ्या जिवाला घोर. पण मी राहा म्हटलं तर ती लेकीची माया म्हणून ते उडवून लावणार. तुम्ही म्हणायला हवं. जावयाने म्हटलं तर राहतील.’

‘म्हणेन की,’ मी म्हणालो.

हे मी फार सहज म्हणालो. आमच्या घराण्यात कोणी कोणाला माझ्याजवळ राहा असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. आमच्यात फार जीव असला की टोमणे मारतात. माझ्या वडिलांनी मला पहिल्या नोकरीला निरोप देताना ‘आता तरी केस कापशील’ एवढंच सांगितलं होतं. तेव्हा ‘म्हणेन की’ म्हणून मी पेपर उघडला.

सासऱ्यांची तयारी सुरू झाली. खरं म्हणजे त्यांची तयारी बायकोने सुरू केली आणि त्यांनी ती होऊ दिली नाही. दर रविवारी फोन.

‘बाबा, आतून घालायचे गरम कपडे घ्या, दोन जोड.’

‘आहेत.’

‘हातमोजे?’

‘आहेत.’

‘तुमचे ते कामावरचे हातमोजे नव्हे बाबा, माणसांचे.’

‘मी माणूसच होतो कामावर.’

ओठांना लावायचं मलम, लोकरीचे मोजे, बर्फावर न घसरणारे बूट, सगळ्याला उत्तर एकच. जिने थंडी पहिल्यांदा गेल्या वर्षी पाहिली ती आपल्याला थंडी शिकवते आहे, याचं त्यांना नवल वाटत होतं. तिकडे शेजारीपाजारीही मागे लागले होते. एकाने माकडटोपी आणून दिली. एकीने लसूण खायला सांगितला. डॉक्टरांनी छाती तपासून ठणठणीत म्हणून सांगितलं आणि जाता जाता मफलर भेट दिला. मुकादमांनी या सगळ्यांना ‘बरं’ म्हटलं.

स्वतः मात्र ते सराव करत होते. जुन्या ओळखीवर ते रोज दुपारी कोल्ड स्टोरेजमध्ये जायचे आणि मटारच्या खोक्यावर जाऊन बसायचे. नुसते बसायचे. नव्या पोरांना वाटायचं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. रविवारी आम्हाला अहवाल मिळायचा. ‘काल बराच वेळ बसलो. काही विशेष नाही. तुमच्याकडे यापेक्षा काय निराळं असणार?’

आमचीही तयारी त्यांनी फोनवरून करून घेतली. ‘जावईबापू, तुमच्या दाराचं रबर तपासलंत?’

‘आमच्या दाराला रबर नाही बाबा. साधं लाकडी दार आहे.’

‘मग एक कागदाची पट्टी घ्या. दारात धरा, दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघाली तर दार नीट बसत नाही.’

एका हातात फोन आणि एका हातात वर्तमानपत्राची पट्टी घेऊन मी दाराशी उकिडवा बसलो. बायको वरून बघत होती. पट्टी सहज निघाली.

‘निघाली,’ मी म्हणालो.

‘वाटलंच मला. सगळी थंडी बाहेर जात असणार.’

‘बाबा, इथे थंडी बाहेरच आहे.’

मला वाटलं फोन कट झाला.

‘हां,’ ते शेवटी म्हणाले. ‘तुमच्याकडे उलटं आहे.’ आणि त्यांनी फोन ठेवला. त्या दिवशी ते सरावाला गेले नाहीत असं नंतर कळलं.

हिवाळा तोंडावर आला आणि ते आले. येताना घरूनच सगळं अंगावर चढवून निघाले होते: आतून दोन थर, स्वेटर, मफलर, वर तो नारिंगी कोट. पाठीवर मोठ्या अक्षरांत ‘गोठवण विभाग’. त्यांच्या गावच्या स्टेशनवर तेव्हा लोक वर्तमानपत्राने वारा घेत होते. गाडीत हीटर होता. डब्यात बाकीचे लोक सदऱ्यावर बसले होते आणि मुकादम कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढून घामाने निथळत होते. थंडीत जाण्याआधी अंग कोरडं पाहिजे, घामेजलेला माणूस कोठीत पाऊल टाकणार नाही, हा नियम त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना शिकवला. आमच्या स्टेशनवर ते ओलेचिंब उतरले. फलाटावर वारा सुटला होता.

‘वारा आहे,’ ते म्हणाले. इथे आल्यावर मला ऐकवलेलं हे त्यांचं पहिलं वाक्य.

पहिला आठवडा ते तापाने अंथरुणाला खिळून होते. बायको काढे देत होती आणि मी शेजारी बसून काहीच बोलत नव्हतो, कारण बोललो असतो तर टोमणाच निघाला असता. ताप उतरल्यावर ते भिंतीकडे बघत म्हणाले, ‘वारा हिशेबात धरला नव्हता. आमच्याकडेही पंखे असतात, पण त्यांची जागा ठरलेली असते. हा कुठूनही येतो.’

‘इथे त्याची कोणी नेमणूक केलेली नाही,’ मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं ते हसले असावेत. त्यांच्या बाबतीत खात्रीने सांगता येत नाही.

हिंडू-फिरू लागले तसा कोटाचा घोटाळा सुरू झाला. इथे नगरपालिकेचे बर्फ उपसणारे लोकही नारिंगी कोट घालतात. एका सकाळी ते पाय मोकळे करायला खाली उतरले तर एका बाईने त्यांना गाठून चांगलं फैलावर घेतलं. आमच्या गल्लीत कधी येणार, पलीकडच्या गल्लीत बरे वेळेवर येता, म्हातारी माणसं पडली तर जबाबदार कोण? मुकादमांनी ऐकून घेतलं. मग इकडेतिकडे पाहिलं, घरमालकिणीचं फावडं दाराशी होतं ते उचललं, आणि आमच्या पायरीपासून बसथांब्यापर्यंत गल्ली साफ करून टाकली. दुपारी बायको ती शिकवते त्या बालवाडीतून परतली तर वडील थांब्यावर फावड्याला टेकून उभे आणि ती बाई त्यांना फ्लास्कमधला चहा देत होती.

‘बाबा! तुम्ही सांगायचं ना तुम्ही ते नाही म्हणून!’

‘तिने विचारलं नाही,’ ते म्हणाले.

बायकोने त्याच संध्याकाळी त्यांना राखाडी रंगाचं चांगलं जाकीट आणलं. त्यांनी घालून पाहिलं, ‘बरं’ म्हणाले, घडी केली आणि ते परत त्याच पिशवीत ठेवलं. दुसऱ्या दिवशी नारिंगी कोटच. एव्हाना दोनतीन घरांतून त्यांना हाका मारू लागले होते आणि मला गल्लीत लोक ‘तुम्ही त्या बर्फवाल्यांचे कोण?’ म्हणून विचारू लागले.

मग फळीचं प्रकरण झालं. आमचं घर वरच्या मजल्यावर, खाली घरमालकीण एकटी राहते, आणि रस्त्यावरचं दार दोघांत एक. दाराला किल्लीचं कुलूप आहेच, शिवाय आतून वर एक लोखंडी कडी आहे. ती घातली नाही तर दार नीट बसत नाही आणि जिन्यात वारा शिट्टी वाजवतो, म्हणून घरमालकीण अंधार पडायला लागला की कडी घालते. कडी घातली की किल्ली असूनही बाहेरच्या माणसाला आत येता येत नाही. एकदोनदा मी बाहेर राहिलो होतो आणि खिडकीला बर्फाचे गोळे मारून बायकोला जागं करावं लागलं होतं. ही हकीकत मी सासऱ्यांना गंमत म्हणून सांगितली. ते अजिबात हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आलो तर दाराच्या आतल्या भिंतीवर एक फळी ठोकलेली होती. फळीत चार खिळे. तीन एका ओळीत, चौथा जरा बाजूला. घरमालकीण कमरेवर हात ठेवून उभी होती.

‘अहो, माझी भिंत आहे ती,’ ती मला म्हणाली.

‘मी नाही ठोकलं.’

‘मी ठोकलं,’ सासरे म्हणाले. त्यांनी खिशातून पितळेचे बिल्ले काढले. निवृत्तीच्या दिवशी पोरांनी त्यांना हेच दिले होते, कोठीच्या दारावरचे जुने बिल्ले. ‘नियम सांगतो. आमच्याकडे आत जाताना माणूस आपला बिल्ला खिळ्यावर लावायचा, बाहेर आला की काढून घ्यायचा. खिळ्यावर एक जरी बिल्ला असला तरी दाराला कुलूप नाही. इथे उलटं आहे. बाहेर जाताना लावायचा, घरात आलं की काढायचा. खिळ्यावर बिल्ला आहे तोवर कडी नाही.’

‘आणि वारा?’ घरमालकिणीने विचारलं.

‘वाऱ्याला बिल्ला नाही.’

पहिला खिळा बायकोचा, दुसरा माझा. तिसऱ्याबद्दल मी विचारलं. ‘असू द्या मोकळा,’ ते म्हणाले, ‘माणसं वाढतात.’ बायकोने माझ्याकडे आणि मी जिन्याकडे पाहिलं.

बाजूचा चौथा त्यांनी स्वतःला घेतला. ‘हा पाहुण्यांचा,’ ते म्हणाले. ‘तपासणीला साहेब यायचे, यंत्रवाले यायचे. बाहेरच्या माणसासाठी एक खिळा वेगळा लागतो.’ आणि त्यांनी आपला बिल्ला त्या खिळ्याखाली एकदा धरून पाहिला, सरळ येतो की नाही.

वर आल्यावर बायकोने स्वयंपाकघरातून मला खूण केली. हीच वेळ होती. मी तोंड उघडलं आणि ‘बाबा, फळी जरा तिरकी झालीय,’ असं म्हणालो. ते पाणसळ घेऊन खाली गेले. बायको त्या दिवशी माझ्याशी बोलली नाही.

मी बिल्ला लावत नव्हतो. सांगून टाकतो, मला ते पोरकट वाटायचं. दिवसभर अडकलेल्या माणसांचे फोन घ्यायचे आणि घरातून निघताना पुन्हा शाळेतल्यासारखी हजेरी लावायची. मी बिल्ला खिशात टाकून सरळ निघून जायचो. तरीही संध्याकाळी येऊन पाहावं तर माझ्या खिळ्यावर बिल्ला असायचाच. मला वाटायचं म्हातारबुवा स्वतःच दुसरा बिल्ला लावून स्वतःचं समाधान करून घेतात. मी त्याकडे कानाडोळा करत होतो.

ऐन हिवाळ्यात एका दुपारी शहराची वीज गेली. बर्फाने कुठेतरी तारा तुटल्या होत्या. वीज गेली म्हणजे लिफ्ट अडकणार, आणि एक-दोन नाही, सगळ्याच. माझ्या टेबलावरचे दिवे एकामागून एक लागत गेले. एका लिफ्टमध्ये बाई आणि तिचं मांजर, एकीत नवरा-बायको भांडताना अडकलेले आणि आत भांडण चालूच, एकीत एक गृहस्थ दर थोड्या वेळाने फोन करून फक्त ‘अजून आहे मी’ एवढंच सांगायचे. मी सगळ्यांना सांगत होतो, घाबरू नका, माणूस निघालाय. माणसं खरोखरच निघाली होती, पण रस्त्यांवर बर्फ होता. शेवटची लिफ्ट मोकळी झाली आणि वीज परत आली तेव्हा अंधार पडून गेला होता. घरी फोन करायचं माझ्या लक्षात आलं नाही. दिवसभर सगळ्यांना कळवलं, घरचं राहिलं. घरून केलेला फोन मात्र आमच्या सगळ्या लायनी भरलेल्या असल्यामुळे लागलाच नव्हता.

बस रांगत रांगत आली. मी आमच्या थांब्यावर उतरलो तर दिव्याखाली नारिंगी कोट उभा होता. खांद्यांवर आणि माकडटोपीवर चांगला बोटभर बर्फ साचलेला. थांब्याचं छप्पर दोन पावलांवर होतं. त्याखाली ते उभे नव्हते, कारण तिथून वळणावरची बस दिसत नाही.

‘बाबा, तुम्ही इथे काय करताय?’

‘बिल्ला खिळ्यावर होता,’ ते म्हणाले.

‘किती वेळ झाला?’

‘बघितलं नाही.’

‘अहो, वारा आहे. पुन्हा ताप येईल.’

‘घाम पुसून आलोय या वेळी,’ ते म्हणाले आणि चालू लागले.

मी त्यांच्या मागून चाललो. त्यांनी सकाळी साफ केलेली वाट पुन्हा भरत आली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो की मी बिल्ला लावलाच नव्हता, तो माझ्या खिशातच आहे. मी तो काढूनही दाखवला.

‘माहीत आहे,’ ते म्हणाले. ‘आमची बेबी लावते. रोज तुम्ही गेलात की खाली येते आणि स्वतःकडचा जास्तीचा लावते. तिला वाटतं मला कळत नाही.’

मी बिल्ला परत खिशात टाकला. थोडं पुढे गेल्यावर तेच बोलले. एवढं सलग बोलताना मी त्यांना त्याआधी ऐकलं नव्हतं, त्यानंतरही नाही.

‘नवीन होतो मी. तेव्हा बिल्ले-बिल्ले काही नव्हतं. संध्याकाळी मागच्या बाजूला खोकी लावत होतो, आणि पोरांनी सगळे आले समजून दार लावलं. घरी गेले सगळे. आतून आवाज बाहेर जात नाही. मी चालत राहिलो. थांबायचं नसतं. मग बेबीची आई आली. नवीन लग्न होतं आमचं, जेवायला थांबली होती. पहारेकरी म्हणाला सगळे गेले, आत कोणी नाही. तिला कोठीच्या दाराशी माझ्या चपला दिसल्या. बूट घालताना काढून ठेवतो ना आपण, त्या. ती म्हणाली, चपला इथे आहेत म्हणजे माणूस आत आहे, दार उघड. तो ऐकेना. मग तिने चपलाच उचलल्या हातात.’

‘मग?’

‘उघडलं त्याने.’

आम्ही दाराशी पोचलो होतो. ते पायरीवर बूट झटकत उभे राहिले. ‘तेव्हापासून बिल्ले सुरू केले. माझ्या दारात कधी कोणी आत राहिलं नाही,’ ते म्हणाले. ‘पण बिल्ला नुसता लटकून उपयोग नाही. तो बघणारं बाहेर कोणीतरी लागतं. आता तिकडे तसं कोणी नाही.’

दाराला कडी नव्हती. आत घरमालकीण अंगावर दोन शाली घेऊन जिन्याच्या पायरीवर बसली होती, कारण वाऱ्याने तिला झोप नव्हती आणि कडी घालायची सोय नव्हती. आम्हाला बघून ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. वर बायकोने दार उघडलं. ती रडलेली होती. मला जेवायला वाढताना तिने भांडी नेहमीपेक्षा जोरात आपटली. ते मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून मी बिल्ला लावू लागलो. बायको मागून खाली आली, खिळ्यावर बिल्ला बघून थबकली आणि हातातला जास्तीचा बिल्ला घेऊन वर गेली.

हिवाळा सरत आला. पागोळ्या गळायला लागल्या, रस्त्याच्या कडेचा बर्फ काळा पडला. एका जेवणाला सासरे म्हणाले, ‘बघितला हिवाळा. आता निघतो.’ तिकीट काढून झालं होतं. बायकोने मान खाली घातली आणि टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. जोरात दिला.

‘इथला उन्हाळा बरा असतो म्हणे,’ मी म्हणालो.

‘असेल.’

‘फार ऊन नसतं.’

‘मला उन्हाचं काही नाही,’ ते म्हणाले आणि ताट उचलून गेले. माझ्या पायावरचा पाय बराच वेळ तसाच होता.

मला ते राहायला हवे होते. हे मी स्वतःशी स्पष्ट म्हटलं होतं, चांगलं दोनतीनदा, बसमध्ये बसून. थांब्यावर उतरताना दिव्याखाली नारिंगी रंग दिसला नाही की मला चुकल्यासारखं व्हायचं. पण ते वाक्य जिभेवर आलं की त्याचा टोमणा होत होता. दिवसभर परक्या माणसांना घाबरू नका म्हणून सांगणाऱ्याला घरात दोन शब्द जुळवता येत नव्हते.

निघायच्या सकाळी मी त्यांची बॅग खाली आणली. बायको वरच थांबली होती. निरोप देताना रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि मला वाटतं ती वर रडतच होती. घरमालकीण दारात उभी होती. तिने त्यांना लोकरीचे मोजे विणून दिले होते. त्यांनी ते हातात घेतले, ‘बरं’ म्हणाले, आणि या वेळी पिशवीत न ठेवता तिथेच पायरीवर बसून पायांत घातले.

मग ते फळीकडे गेले आणि बाजूच्या खिळ्याखाली आपला हात धरला. सवयीने. खिळ्यावर बिल्ला नव्हता, तो खिशात होता, कारण ते घरात होते. त्यांनी कोटाचा आतला खिसा चाचपला, बिल्ला आहे याची खात्री केली, आणि चेन ओढली.

‘बिल्ला कुठे नेताय?’ मी म्हणालो.

‘माझा आहे.’

‘असेल. पण बाहेर जाताना लावायचा ना? नियम तुमचाच आहे.’

‘पाहुणा जाताना बिल्ला घेऊन जातो,’ ते म्हणाले.

‘पाहुणा घेऊन जातो,’ मी म्हणालो आणि हात पुढे केला.

त्यांनी माझ्या हाताकडे पाहिलं. मग चेन खाली ओढून बिल्ला काढला आणि माझ्या तळव्यावर ठेवला. पितळ गरम लागलं. मी तो घेतला आणि ओळीतल्या तिसऱ्या, मोकळ्या खिळ्यावर लावला. माझ्या शेजारी.

‘माणसं वाढतात,’ मी म्हणालो. माझा आवाज टोमण्यासारखा निघाला, पण तो टोमणा नव्हता, आणि ते त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी मान वळवली आणि खिळ्याला बोट लावून पाहिलं.

‘सैल आहे हा,’ ते म्हणाले. ‘नुसता टोचून ठेवला होता. तिकडचं घर आवरायला थोडे दिवस लागतील. आलो की नीट ठोकतो.’

मी ‘बरं’ म्हणालो.

ते गेले. मी वर जाऊन बायकोला काही सांगितलं नाही, खाली जाऊन ये एवढंच म्हणालो. ती खाली गेली आणि बराच वेळ वर आली नाही. मी चहा ठेवला, तो उकळून आटला.

त्या दिवशी अंधार पडल्यावर घरमालकीण नेहमीसारखी कडी घालायला आली. मी जिन्यातच उभा होतो. बाहेर अजून गार होतं, वारा फटीतून शिट्टी वाजवत होता. तिने कडीला हात घातला आणि फळीकडे पाहिलं. तिसऱ्या खिळ्यावर बिल्ला होता.

‘अहो, ते तर गेले ना गावाला?’ तिने विचारलं.

‘बाहेर गेलेत,’ मी म्हणालो.

तिने हात खाली घेतला. खोलीत जाऊन एक जुनी शाल आणली, गुंडाळली, दाराच्या फटीशी खाली सरकवली आणि पायाने नीट दाबली. ते परत येईपर्यंत ती शाल तिथेच होती.